लिहून पुसलेलं वाक्य

मित्रांनो, तुमच्या घरात एखाद्या खणाच्या तळाशी, बिनकुलपाच्या चाव्या आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी एखादा जुना मोबाइल पडलेला असेलच. मीही त्याच जातीचा. पाठीवर ओरखडे आहेत, बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही, आणि आवाज बसलेला आहे. पण माझी तक्रार नाही. मला ज्यांनी ज्यांनी हातात धरलं ती माणसं चांगली होती, आणि एका मोबाइलला याहून जास्त काय हवं असतं?

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला सांगता येणार नाही. पांढऱ्या दिव्यांची लांबच लांब रांग आणि हातमोजे घातलेली चपळ बोटं, एवढंच आठवतं. मग खोक्यातला अंधार, जहाजाचा हेलकावा, आणि डोळे उघडले ते थेट पॅराग्वेच्या सीमेवरच्या बाजारात. तिथे एका दुकानात झुनिल्दा नावाच्या बाईने मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि दुकानदाराला विचारलं, "पिठाचे हात लागले तर चालेल ना याला?"

चालेल असं तो म्हणाला. तेव्हापासून मी पिरायू गावचा झालो.

झुनिल्दा चिपा विकते. कसाव्याचं पीठ, चीज, अंडी आणि बडीशेप मळून केलेल्या या कड्या ती अंगणातल्या मातीच्या भट्टीत भाजते आणि टोपली डोक्यावर घेऊन बसथांब्यावर उभी राहते. माझ्या तरुणपणी मी तिचा उजवा हात होतो. लग्नाची ऑर्डर माझ्यावर यायची, बारशाची माझ्यावर यायची. "हा नसता तर माझी निम्मी गिऱ्हाइकं गेली असती," असं ती शेजारणींना सांगायची आणि मी तिच्या ॲप्रनच्या खिशात फुगून जायचो. एकदा मी थेट पिठाच्या परातीत पडलो. ते पीठ माझ्या आवाजाच्या भोकांत जे जाऊन बसलं, ते कायमचंच. त्या दिवसापासून माझा आवाज घोगरा झाला.

पुढे झुनिल्दाच्या भावाने तिला नवा मोबाइल दिला आणि माझी रवानगी खणात झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण थोड्याच दिवसांत तिची मुलगी निदिया सातवीत गेली. वर्गाचा ग्रुप होता, गृहपाठ त्याच्यावर येणार होता. झुनिल्दाने मला फडक्याने पुसलं आणि लेकीच्या हातात ठेवलं. निदियाने माझ्या पाठीवर पिवळ्या पोपटाचं चित्र चिकटवलं, आणि मी पुन्हा कामाला लागलो.

तो ग्रुप म्हणजे मोठी गंमत होती, मित्रांनो. सकाळपासून किलबिल चालायची. कुणाला गणित सुटलेलं नसायचं, कुणाची कंपासपेटी हरवलेली असायची. सगळ्यांत पुढे असायचा देर्लिस. उंच, बोलघेवडा, हजरजबाबी. तो कुणाच्याही फोटोचं स्टिकर बनवायचा. मांजराचं, फुटबॉलच्या पंचाचं, स्वतःच्या झोपलेल्या आजोबांचंसुद्धा. निदिया खूप हसायची. तिच्या हातात मीही थरथरायचो.

मे महिन्यात शाळेत पॅराग्वेच्या स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम झाला. त्यात निदियाच्या वर्गातली येरुती आणखी काही मुलींबरोबर बाटल्यांचा नाच करणार होती. डोक्यावर एकावर एक बाटल्या चढवायच्या आणि त्या हलू न देता घागरा फिरवत नाचायचं. तिची आई ब्वेनोस आयरेसला एका घरी कामाला होती. त्या दिवशी तिने मालकिणीकडून तासाभराची सुट्टी मागून घेतली होती, आणि येरुतीची मावशी पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून तिला नाच दाखवत होती.

नाच छान चालला होता. शेवटच्या गिरकीला येरुतीचा पाय घागऱ्याच्या काठात अडकला. बाटल्या खळकन खाली आल्या आणि त्यांच्यामागोमाग ती. तोंड उघडं, हात वर, घागरा डोक्यावर. वर्गाच्या मिर्ताबाई धावल्या, तिला उठवून आत घेऊन गेल्या. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

माणसं घरी पोचण्याआधी ते उघडं तोंड माझ्या पडद्यावर येऊन पोचलं होतं.

देर्लिसने ग्रुपवर आलेल्या नाचाच्या व्हिडिओतून तेवढाच क्षण उचलून स्टिकर केलं होतं. ते पाहून निदिया हसली. हो, तीही हसली, कारण पहिल्यांदा पाहिल्यावर हसू आलंच. मग दुसरं स्टिकर आलं, त्यात बाटलीला येरुतीचा चेहरा. तिसऱ्यात येरुती चर्चच्या घंटेवरून पडत होती. एरवी कधी तोंड न उघडणारी मुलंही काहीबाही पाठवायला लागली. येरुतीबरोबर नाचणाऱ्या मुलींनीसुद्धा पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून येरुती शाळेत आली नाही. तरी स्टिकरं येतच राहिली.

निदियाचं हसू कधीच थांबलं होतं. आणि आता मी तुम्हाला अशी गोष्ट सांगतो, जी फक्त मलाच माहीत होती. ती माझ्यावर लिहायची आणि पुसायची. "पुरे ना आता" असं लिहिलं आणि पुसलं. "तिला वाईट वाटत असेल" असं लिहिलं, थोडा वेळ पाहत बसली, पुसलं. एकदा "देर्लिस, तू" एवढंच लिहून थांबली. एवढा मोठा वर्ग आहे, येरुतीच्या जवळच्या मैत्रिणी आहेत, त्यांच्यापैकी कुणीतरी बोलेलच, असं तिला वाटत असणार. येरुतीशी तिची काही खास ओळखही नव्हती. आणि भीतीही होती. मागच्या वर्षी आईच्या टोपलीवरून मुलं तिला "चिपा, चिपा" म्हणून चिडवत होती. ते चिडवणं आपोआप विझलं होतं. ते पुन्हा कशाला पेटवायचं?

तेवढ्यात देर्लिसने ग्रुपवर मतदान टाकलं. "येरुती परत आली की पहिल्यांदा काय फोडेल? फळा, खिडकी, की बाईंचा चष्मा?" भराभर मतं पडली. कुणी काय मत दिलं ते नावासकट दिसत होतं. मग देर्लिसने लिहिलं, "निदिया, सगळ्यांचं झालं. तुझंच बोट दुखतंय का?"

निदियाचं बोट माझ्या काचेवर आलं. मला वाटलं, आता ती चष्म्यावर टेकवणार. एक टिचकी मारली की सुटका होती. तिने बोट मागे घेतलं आणि मला स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं.

झुनिल्दा तिथे अंडी फोडत होती. मी एकसारखा थरथरत होतो.

"काय गं, याला ताप आलाय का?" ती म्हणाली. "कधीचा कुडकुडतोय."

 निदियाने तो व्हिडिओ लावला आणि मला आईसमोर धरलं. झुनिल्दाने पिठाचा हात तोंडावर नेला.

"अगं बाई! लागलं का पोरीला?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तुमच्यात कुणी विचारलं नाही?"

निदियाने मान हलवली. खरंच, मित्रांनो, त्या अख्ख्या ग्रुपवर तो प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी सगळं साठवून ठेवतो, म्हणून खात्रीने सांगू शकतो.

"ती माझी मैत्रीण नाहीये आई."

"मग? लागलं का विचारायला मैत्री लागते?"

"मी मध्ये पडले तर उद्या माझं चित्र काढतील. टोपलीसकट."

झुनिल्दाने हात धुतले, पुसले, आणि लेकीसमोर बसली. तिने तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पानांचा गार चहा, ओतून नळीचा पेला निदियाकडे सरकवला. "काढतील कदाचित," ती म्हणाली. "नाही काढणार असं कसं सांगू? पण मग आपण दोघी मिर्ताबाईंकडे जाऊ. मी टोपली घेऊनच येईन."

निदियाला हसू आलं. मग हळूच म्हणाली, "आता फोन काढून घेशील ना?"

"का गं? तू काय केलंस? आणि आज काढून घेतला, तर उद्या काही झालं की दाखवायला येशील का माझ्याकडे?"

मी सुटकेचा श्वास सोडला असता, सोडता आला असता तर.

निदियाने येरुतीला एकटीला निरोप लिहिला. "तुला लागलं का?" हा मात्र तिने पुसला नाही. पण तो पोचलाच नाही. एकच खूण उमटली आणि तशीच राहिली. येरुतीचा मोबाइल बंद होता. तेव्हा निदियाने चार गरम चिपा फडक्यात गुंडाळल्या आणि तिच्या घरची वाट धरली. मी तिच्या खिशात होतो.

दार मावशीने उघडलं. "ये गं बाळा, मागे बसलीये. शाळेतलं कुणीतरी आलं एकदाचं!"

येरुती मागच्या अंगणात उन्हात बसली होती. उजव्या तळव्याला पांढरी पट्टी होती. निदियाला पाहताच तिची नजर पहिली खिशाकडे गेली.

"तू रेकॉर्ड करतेयस का?"

माझ्याबद्दल आजवर पुष्कळ जण पुष्कळ बोलले, पण इतकं मला काहीच लागलं नव्हतं. निदियाने मला बाहेर काढलं, बंद केलं आणि मावशीच्या हातात दिलं. त्यामुळे तिथे पुढे काय झालं ते मी ऐकलं नाही. निदियाने घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा मला कळलं.

येरुतीच्या तळव्यात काच घुसली होती, टाके पडले होते. पण ती म्हणाली, "बाटल्या काय, सगळ्यांच्याच पडतात गं. पण माझ्याबरोबर नाचणाऱ्या मुलीसुद्धा! सगळा वर्ग माझ्यावर हसतोय. मी आईकडे निघून जाणारे. या शाळेत पाय ठेवणार नाही."

"मिर्ताबाईंना सांगू?"

"अजिबात नको! त्या सगळ्यांसमोर भाषण देतील. मग तर संपलंच."

"ग्रुपवर लिहू?"

येरुतीने चिपाचा तुकडा मोडला, चावला, गिळला. "लिही," ती म्हणाली. "पण मला बिचारी म्हणू नकोस."

परत येताना जुन्या रेल्वे स्टेशनपाशी निदियाने मला चालू केलं आणि तिथल्या बाकावर बसली. तिने एक भलंमोठं काहीतरी लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. शेवटी उरलं ते एवढंच:

"येरुतीच्या हाताला टाके पडलेत. मी आत्ता तिच्याकडूनच आले. मला ही स्टिकरं आवडत नाहीत. मी मत देणार नाही. देर्लिस, ते मतदान काढून टाक."

तिने डोळे मिटून बटण दाबलं.

मित्रांनो, गप्प बसलेला ग्रुप किती भयंकर असतो ते मोबाइललाच विचारा. एकेक जण वाचत होता. कुणी काही बोलत नव्हतं. निदियाच्या हाताला एवढा घाम सुटला होता की माझी काच निसरडी झाली. मग देर्लिसचं उत्तर आलं.

"आली आली, गरमागरम चिपावाली आली!" आणि मागोमाग टोपलीचं स्टिकर.

दोघातिघांनी हसरे चेहरे टाकले. निदियाने मला मांडीवर ठेवून दिलं. मला वाटलं, संपलं. एवढ्यात इसाबेलिनोचा निरोप आला. हा मागच्या बाकावर बसणारा, फुटबॉलचा गोलरक्षक. ग्रुपवर तो गृहपाठापलीकडे काही विचारत नसे.

"टाके? खरंच? मला वाटलं नुसतीच पडली."

मग पुन्हा त्याचाच. "देर्ल्या, काढ यार ते. बास झालं."

आणि मग धरण फुटल्यासारखं झालं. नाचातल्या एका मुलीने लिहिलं, "मी पाठवायला नको होतं. सॉरी." दुसऱ्या कुणी लिहिलं, "माझं मत मी मागे घेतलं." पण खरी नवलाची गोष्ट ग्रुपवर घडलीच नाही. ती निदियाच्या एकटीच्या निरोपांत घडली. एकामागून एक मुलं तिला वेगळं लिहायला लागली. "मलापण आवडत नव्हतं गं." "मी दोनदा लिहून पुसलं." "मला वाटलं मलाच तसं वाटतंय."

मी थक्क झालो. म्हणजे इतके दिवस त्या गावातल्या कितीतरी खिशांत, कितीतरी दप्तरांत, माझ्यासारखेच मोबाइल तीच पुसलेली वाक्यं घेऊन बसले होते! प्रत्येकाला वाटत होतं, बाकी सगळे मजेत हसतायत.

देर्लिस चिडला. "गंमत होती! तुम्हीपण हसलातच ना सगळे?"

"हो," निदियाने लिहिलं. "मीपण हसले. आता नाही येत हसू."

थोड्या वेळाने मतदान दिसेनासं झालं.

सगळंच एका दिवसात साफ झालं असं मी म्हणणार नाही. काही मुलं शेवटपर्यंत गप्पच राहिली. दुसऱ्या तुकडीत ते स्टिकर पुढे बरेच दिवस फिरत होतं. पण येरुतीने त्या दुपारी आपला मोबाइल उघडला. तिच्या नावाचं हसं करणारे ढीगभर निरोप तिने पाहिले, आणि त्यांच्यामध्ये तो एक प्रश्न होता. "तुला लागलं का?" तिने उत्तर पाठवलं, "हो. पण आता बरंय. उद्या तुझ्या शेजारी जागा आहे का?"

माझ्यावर आजवर आलेल्या निरोपांत हा मला सगळ्यांत आवडता आहे.

पुढे येरुतीच्याच होकाराने निदिया आणि इसाबेलिनो मिर्ताबाईंकडे गेले. "बाई, पण वर्गात सांगू नका," इसाबेलिनो आधीच म्हणाला. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि एवढंच विचारलं, "येरुतीला काय हवंय?" मग त्यांनी खरोखरच भाषण दिलं नाही. देर्लिसला एकट्याला बोलावलं, त्याच्या वडिलांना बोलावलं, दुसऱ्या तुकडीच्या बाईंशी बोलल्या. आणि नाचाच्या मुलींना एकत्र बसवून त्यांचं त्यांना बोलू दिलं.

देर्लिस वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. त्याला लोकांना हसवायची सवय होती, आणि लोक हसत होते, म्हणून तो थांबत नव्हता. एके दिवशी तो येरुतीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा निदियाच्या खिशात मीही तिथे होतो.

"मला वाटलं, तुलापण हसू येईल."

"नाही आलं," येरुती म्हणाली.

"हं." तो बराच वेळ फाटकाची कडी वाजवत राहिला. "माझ्याकडचं सगळं काढून टाकलंय मी. आणि... चुकलंच माझं." मग तो सायकलवर बसला आणि गेला. त्यांची काही गट्टी जमली नाही, पण त्यानंतर त्याने कुणाचाही चेहरा न विचारता घेतला नाही.

येरुती ब्वेनोस आयरेसला गेली नाही. ती शाळेतच राहिली, निदियाच्या शेजारच्या बाकावर.

आता मी म्हातारा झालो. निदियाला दुसरा मोबाइल मिळाला आहे. मी भट्टीजवळच्या फळीवर असतो, वायरला जोडलेला, आणि झुनिल्दाला घोगऱ्या आवाजात गाणी ऐकवतो. फार सुखात आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. आम्हा मोबाइलांना तुम्ही पडण्यापासून जपता, पाण्यापासून जपता, ते चांगलंच आहे. पण आमच्यातून जे माणसापर्यंत पोचतं, तेही जपून पाठवा. आणि कुणाची टवाळी चाललेली दिसली, बोटांनी एखादं चांगलं वाक्य लिहिलं, तर ते पुसू नका. मोठं लिहायला जमलं नाही तरी चालेल. ग्रुपवर भीती वाटली, तर ज्याची टवाळी चाललीय त्याला एकट्यालाच लिहा. घरच्या मोठ्यांना दाखवा. पलीकडे कुणीतरी बंद मोबाइल हातात घेऊन बसलेलं असतं.

त्या दिवसांतली एक दुपार मी अजून विसरलेलो नाही. जूनमधली, म्हणजे आमच्याकडच्या थंडीतल्या कोवळ्या उन्हाची. सान हुआनची जत्रा जवळ आली होती आणि येरुतीने पुन्हा नाचायचं ठरवलं होतं. या वेळी दोनच बाटल्या घेऊन. ती निदियाच्या अंगणात सराव करत होती. निदियाला वाटलं, आपणही करून बघावं. तिने पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली डोक्यावर ठेवली, ऐटीत एक पाऊल टाकलं, आणि टोपण उडून सगळं पाणी तिच्या कपाळावरून, नाकावरून, गळ्यात! त्यात पायाखाली संत्र्याची सालं आली. ती धपकन तिथेच बसली.

येरुती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लागलं का गं?" ती हसता हसताच म्हणाली आणि हात पुढे केला.

"नाही लागलं!" निदिया ओरडली, आणि तीही हसायला लागली.

मी तिथेच होतो, टोपलीच्या काठावर. माझा कॅमेरा तेव्हा चांगला होता, बॅटरीही भरलेली होती. पण मला उचलायचं दोघींपैकी कुणाच्या मनातही आलं नाही. त्या हसत होत्या, आणि झुनिल्दा भट्टीचं दार उघडून आतल्या चिपा झाल्यात का ते बघत होती.